अर्भकविकासाविषयी पालकांचे आकलन

मूल सुमारे कोणत्या वयात मान धरते, पालथे पडते, बोबडे बोलू लागते आणि त्याच्या रडण्या-हसण्याला कसा प्रतिसाद द्यावा, याविषयी आईवडिलांना असलेली माहिती व त्यांच्या धारणा यांचा अभ्यास विकासात्मक मानसशास्त्रात या विषयाखाली होतो.

वयानुरूप टप्प्यांची पद्धतशीर नोंद आर्नल्ड गेझेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येल विद्यापीठात केली. पालकांना हे टप्पे कितपत ठाऊक असतात, हा प्रश्न स्वतंत्रपणे बहुधा १९७० नंतरच हाताळला जाऊ लागला. डेव्हिड मॅकफी यांची १९८१ मधील ७५ विधानांची प्रश्नावली त्यासाठी विशेष रूढ आहे. टप्प्याचे वय चुकले, तर पालकाने ते लवकरचे धरले की उशिराचे, हेही तिच्यात नोंदविले जाते. मात्र प्रत्येक विधानाचे ‘बरोबर’ उत्तर आधीच ठरलेले असते; ते सर्व समाजांना सारखेच लागू पडते का, या मतभेदाचे मूळ तेथेच आहे. केनियातील किप्सिगिस समाजात चार्ल्स सूपर यांना असे आढळले (१९७६), की तेथील मुले बसू व चालू लागतात ती अमेरिकी मुलांपेक्षा लवकर, रांगण्यात मात्र पुढे नसतात. कारण बसणे आणि चालणे आया मुद्दाम शिकवितात, बसते करण्यासाठी जमिनीत उथळ खळगा करून पाठीला आधारही देतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुले पाहून २००६ मध्ये स्वतंत्रपणे चालण्याचा कालावधी ८.२ ते १७.६ महिने असा दिला. काही निरोगी मुले हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, असेही त्यातून दिसले. त्यामुळे एकच वय प्रमाण मानण्यापेक्षा मर्यादा सांगणे अधिक ग्राह्य ठरते.

पालकांच्या या ज्ञानाच्या परिणामांविषयी बेनासिच व ब्रूक्स-गन यांचा १९९६ मधील अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. मुदतपूर्व, कमी वजनाच्या मुलांच्या आयांचे ज्ञान, घरातील वातावरण आणि तीन वर्षे वयाच्या मुलाची बौद्धिक क्षमता व वर्तन यांत त्यांना संबंध आढळला. हे ज्ञान आईचे शिक्षण व आर्थिक स्थिती यांपासून पूर्णपणे वेगळे काढणे कठीण आहे. तरी ते रोजच्या वागण्यातून मुलापर्यंत पोहोचते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. बाळाला काही कळत नाही असे मानणारे पालक त्याच्याशी कमी बोलतात. उलट, वाटी पुन्हापुन्हा खाली टाकणारे दहा महिन्यांचे मूल खोडसाळ समजले गेले, तर त्याला रागावले जाते; वास्तविक वस्तू पडते कशी, हे ते निरखीत असते.

भारतीय मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोदा येथे विकासाची प्रमाणके तयार केली. आज माता-बालसंरक्षण कार्डावर हे टप्पे छापलेले असतात. महाराष्ट्रात बाळंतपण अनेकदा माहेरी होते आणि न्हाऊमाखू, टाळू भरणे, गुटी हे निर्णय आजी किंवा बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई घेते. म्हणून केवळ आईला प्रश्न विचारून घेतलेले मोजमाप येथे अपुरे पडते.