पेज, पाणी आणि भूल

"काकी, सकाळपासून पोटात काय काय गेलंय?" मालवणजवळच्या एका वाडीतून आलेल्या साठीच्या बाईंना शस्त्रक्रियेपूर्वी मी, त्यांना भूल देणारी डॉक्टर, हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी अगदी निर्मळ मनाने उत्तर दिले, "काय नाय ओ डॉक्टर. जेवलंय खंय? वायच पेज घेतलंय." पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून करायची त्यांची शस्त्रक्रिया सकाळी ९ वाजता ठरली होती आणि पेज साडेसहाला झाली होती. शस्त्रक्रिया दुपारी १ वाजेपर्यंत पुढे ढकलावी लागली. त्यांचा मुलगा रजा काढून रात्रीच्या गाडीने मुंबईहून आला होता. त्याचा राग मला समजत होता, कारण त्याच्या दृष्टीने आईने काहीच खाल्ले नव्हते. आदल्या दिवशी त्यांना "सकाळी काही खाऊ नका" एवढेच सांगण्यात आले होते, आणि पेज ही खाण्याची वस्तू नसून पिण्याची आहे, असे धरले तर त्यांनी ती सूचना तंतोतंत पाळली होती. चूक सूचना देणाऱ्यांची, म्हणजे आम्हा डॉक्टरांची होती.

कोकणात पेजेला, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवलेल्या पातळ भाताला, जेवणाचा मान नाही. आजाऱ्याला पेज, बाळंतिणीला पेज, तापातून उठलेल्याला पेज. ती पातळ, पचायला हलकी, म्हणून जवळजवळ पाण्याच्याच जातीची, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जठर मात्र पेजेला पाणी समजत नाही. ते असे का करते, हे पाहण्याआधी भूल देताना पोट रिकामे का लागते, हे समजून घ्यायला हवे.

भूल म्हणजे गाढ झोप, असे आपण रुग्णाला धीर देण्यासाठी म्हणतो, पण दोहोंमध्ये एक मोठा फरक आहे. झोपेत घशाशी आंबट पाणी आले तर आपण खोकतो, गिळतो किंवा दचकून जागे होतो. अन्ननलिकेच्या खालच्या आणि वरच्या टोकाला स्नायूंच्या दोन कड्या असतात, त्या अन्न उलट वर येऊ देत नाहीत. त्यातूनही काही वर आलेच, तर स्वरयंत्र क्षणार्धात मिटते आणि खोकला येतो. संपूर्ण भूल दिल्यावर या कड्या सैल पडतात आणि खोकण्याची, गिळण्याची व स्वरयंत्र मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया लोपते. अशा वेळी जठरात काही असेल, तर ते कोणताही आवाज न करता वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकते. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा असला, तरीही आम्ही उपाशी पोटाचा आग्रह धरतो, कारण अडचण आल्यास मध्येच संपूर्ण भूल द्यावी लागू शकते.

या धोक्याचे नेमके स्वरूप न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून स्पष्ट झाले. १९३२ ते १९४५ या काळात त्यांच्या रुग्णालयात झालेल्या ४४,०१६ प्रसूतींपैकी ६६ स्त्रियांच्या बाबतीत भुलेत असताना पोटातले द्रव्य फुप्फुसात गेल्याची नोंद त्यांना आढळली. त्यांपैकी दोघी दगावल्या, आणि दोघींचाही मृत्यू घन अन्नाने श्वासमार्ग बंद झाल्यामुळे, गुदमरून झाला होता. मेंडेलसन यांनी पुढे सशांवर प्रयोग करून दाखवले की, घन अन्न वाट अडवते, तर पातळ द्रव त्यातल्या आम्लामुळे फुप्फुस जाळतो. आम्लाचा प्रभाव नाहीसा केलेला द्रव आत गेला, तर इजा पुष्कळच कमी होते. फुप्फुसातील वायुकोशांचा पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो, हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या आम्लाने काय होत असेल याची कल्पना येते.

या निबंधानंतर जगभर खबरदारी वाढली, पण पुढच्या दशकांत ती खबरदारी एका सरसकट नियमात गोठली: मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही नको. हा नियम आजही आपल्याकडे अनेकांच्या तोंडी आहे. तो पेजेच्या बाबतीत बरोबर आणि पाण्याच्या बाबतीत चूक आहे. असे का, याचे उत्तर जठर रिकामे होण्याच्या रीतीत सापडते, आणि मला हा विषय अतिशय प्रिय असल्यामुळे वाचकांनी इथे थोडा धीर धरावा.

जठर ही नुसती पिशवी नाही. त्याचा वरचा भाग अन्न साठवतो आणि खालचा, जाड स्नायूंचा भाग ते दळतो. जठराच्या भिंतीत काही विशेष पेशी असतात; त्या मिनिटाला सुमारे तीन वेळा विजेची मंद लाट सोडतात आणि त्या तालावर आकुंचनाची वलये वरून खाली, जठराच्या तोंडाकडे सरकत जातात. हे तोंड म्हणजे जठरनिर्गम, आणि ते अन्न दळले जात असताना जेमतेम उघडे असते. लाट तिथे पोहोचली की पातळ भाग पुढे लहान आतड्यात ढकलला जातो आणि एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे कण पुन्हा मागे फेकले जातात, पुढच्या लाटेत आणखी दळले जाण्यासाठी. आपल्याकडे तांदूळ धुवायची रोवळी असते, तिच्यातून पाणी निथळून जाते आणि दाणा वर राहतो, तसेच हे काम चालते. फरक इतकाच की जठराची रोवळी अडवलेला दाणा दळतही असते.

म्हणून पाण्याचा हिशेब निराळा आणि दाण्याचा निराळा. साध्या पाण्याला दळायची गरज नसते. त्यातले निम्मे साधारण १५ ते २० मिनिटांत जठराबाहेर पडते, उरलेल्याचे निम्मे पुढच्या तितक्याच वेळात, आणि असेच पुढे. २० मिनिटांचा हिशेब धरला, तर दोन तासांत सहा वेळा निम्मे होते. पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पाणी प्यायले असेल, तर दोन तासांनी त्यातले ४ मिलिलिटरही उरत नाही. घन अन्नाची गोष्ट अशी नाही. आधी बराच वेळ नुसते दळणे चालते आणि त्या काळात फारसे काही बाहेर पडत नाही. त्यानंतर ते ठरावीक, संथ गतीने उतरू लागते. ही गतीही जठर एकटे ठरवत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने पोहोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि ते जठराला "हळू" असा निरोप देते. याच संप्रेरकाने पित्ताशय आकुंचन पावते. म्हणजे तेलकट जेवणानंतर आमच्या काकींच्या ज्या पित्ताशयात कळ उठत होती, त्या कळेचा आणि जठर रेंगाळण्याचा निरोप्या एकच होता. तंतुमय, नीट न दळले गेलेले तुकडे तर सर्वांत शेवटी राहतात. जेवण उतरल्यानंतर, रिकाम्या पोटी, दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक जोरकस लाट जाते, तेव्हा जठरनिर्गम चांगला रुंद उघडतो आणि हे उरलेसुरले तुकडे झाडून नेले जातात.

आता पेजेकडे वळू. तिच्यातले पाणी लवकर निघून जाते, आणि त्यामुळे तीन तासांनी भूक लागल्यासारखी वाटते. पण उकड्या तांदळाचे शीत रोवळीत अडकलेले असू शकते. पेजेसोबत भाजलेला सुका बांगडा किंवा खोबऱ्याची चटणी असेल, तर जठर आणखी मंदावते. भूक लागणे ही जठर रिकामे झाल्याची खूण नव्हे, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण "आता तर भूक लागली" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे.

निरोगी माणसाच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी आज जगभर साधारण मान्य असलेले अंतर दोन, चार, सहा आणि आठ तास असे सांगितले जाते: निवळ द्रवासाठी दोन, आईच्या दुधासाठी चार, हलके खाणे आणि इतर दुधासाठी सहा, तळलेल्या, स्निग्ध किंवा मांसाहारी जेवणासाठी आठ किंवा अधिक. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबाग इथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनाही हे आकडे पाठ असतीलच. मात्र पाठ्यपुस्तकात पेज नसते, मऊ भाताची आटवल नसते आणि सोलकढीही नसते. आकड्यामागचे कारण ठाऊक असेल, तरच आपल्या भागातला पदार्थ कोणत्या रकान्यात घालायचा हे ठरवता येते. निवळ द्रवाची एक सोपी कसोटी आहे: काचेच्या पेल्यात तो भरून पेल्यामागे वर्तमानपत्र धरले, तर अक्षरे वाचता आली पाहिजेत. गाळलेले कोकम सरबत या कसोटीला उतरते. सोलकढी उतरत नाही, कारण तिच्यात नारळाचे दूध, म्हणजे स्निग्ध पदार्थ असतो. पेजेवरची निवळ नावाने निवळ असली तरी पिठूळ असते, म्हणून तीही चालत नाही. दूध पेल्यात पातळ दिसते, परंतु जठरातल्या आम्लात ते फुटते आणि त्याच्या गाठी होतात. दुधाच्या चहालाही आम्ही सहा तासच धरतो. कोंबडी-वडे आठ तासांच्या रकान्यात जातात, याबद्दल कोणाचे दुमत नसावे.

इथे उपवासाविषयीही लिहिले पाहिजे. संकष्टीच्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली, तर "मला आज उपवासच आहे" असे रुग्ण सांगतो आणि नवा डॉक्टर निश्चिंत होतो; परंतु तूप-शेंगदाण्यांनी युक्त साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालत असली, तरी भुलेला चालत नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दारात रुग्णाच्या जिभेवर अंगारा ठेवू नये, तो कपाळाला लावावा, अशी माझी नातेवाइकांना विनंती असते. मुहूर्ताच्या बाबतीत मात्र मी विनंतीवर थांबत नाही. राहुकाळ टळावा म्हणून शस्त्रक्रिया दोन तास पुढे न्यायला सांगणारे लोक त्याच दोन तासांत आपल्या तहानलेल्या, कधी मधुमेही असलेल्या माणसाला विनाकारण ताटकळत ठेवतात. त्या रुग्णाच्या रक्तातली साखर उतरत असते, शरीरातले पाणी कमी होत असते, आणि पंचांगात यांपैकी कशाचीही नोंद नसते.

अतिउपवासाचा हा मुद्दा मला पेजेइतकाच महत्त्वाचा वाटतो. रात्री ८ वाजता जेवून, पहाटेची एसटी पकडून, मे महिन्याच्या उकाड्यात दुपारपर्यंत थेंबभरही पाणी न पिता बसलेला म्हातारा रुग्ण भूल देताना अधिक सुरक्षित नसतो. त्याचा रक्तदाब भुलेसरशी जास्त घसरतो आणि शीर सापडणे कठीण जाते. लहान मुले तर रडून हैराण होतात. उपाशी राहिल्याने जठर पूर्ण कोरडेही होत नाही, कारण आपण दिवसभर लाळ गिळत असतो आणि जठर स्वतःही रस स्रवतच असते. १८८३ मध्येच ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी भुलेसाठी क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावे, पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा दिलेला हितकारक ठरतो, असे लिहून ठेवले होते. त्यांचा चहा अर्थातच विलायती होता. पुढे १९८६ मध्ये कॅनडातील भूलतज्ज्ञ माल्टबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिले आणि नंतर जठरातला द्रव मोजला; पाणी प्यायलेल्यांच्या पोटात तो उपाशी राहिलेल्यांपेक्षा जास्त भरला नाही. लहान मुलांसाठी युरोपातील तज्ज्ञांनी तर निवळ द्रवाचे अंतर एक तासावर आणले आहे.

हे सर्व हिशेब निरोगी, नियोजित रुग्णाचे आहेत. वेदना, भीती, अफूवर्गीय वेदनाशामके, जुना मधुमेह आणि प्रसूतीच्या कळा या सर्वांनी जठर मंदावते. मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झालेल्या माणसाचे जठर त्या क्षणी जवळपास थबकते, म्हणून त्याच्या बाबतीत जेवण आणि अपघात यांमध्ये किती वेळ गेला होता हे विचारावे लागते; अपघातानंतर आठ तास उलटले तरी त्याचे पोट भरलेले आहे असेच आम्ही धरतो आणि भूल देताच क्षणाचाही विलंब न लावता श्वासनलिकेत फुग्याची नळी बसवतो. मधुमेहासाठी आणि वजन घटवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी नवीच अडचण उभी केली आहे. ही औषधे जठर मंद करतात आणि आठवडाभरानंतरही त्यांचा निम्मा अंश शरीरात असतो. त्यांच्या जाहिरातींत ही गोष्ट सहसा सापडत नाही. रुग्णाने मात्र ती आपल्या भूलतज्ज्ञाला न विचारता सांगावी.

काकींना मी सकाळी साडेदहाला पेलाभर पाणी दिले. "आता पाणी चलता?" असे म्हणत त्यांनी संशयाने मुलाकडे पाहिले आणि मग ते घोटाघोटाने संपवले. पाऊण वाजता त्यांना उजव्या कुशीवर वळवून मी पोटावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवले. या स्थितीत जठरातला द्रव खालच्या भागात जमतो आणि त्या भागाचे क्षेत्रफळ मोजून द्रवाचा अंदाज बांधता येतो. वजनाच्या किलोमागे दीड मिलिलिटरपर्यंतचा निवळ द्रव उपाशी माणसातही आढळतो, आणि तो चालतो. काकींच्या जठराच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या. मी पडदा मुलाच्या बाजूला वळवून त्याला त्या दाखवल्या आणि १ वाजता भूल दिली.

त्यानंतर आमच्या विभागातील शिकाऊ डॉक्टर "उपाशी आहात का?" असे विचारत नाहीत. "शेवटचं काय पोटात गेलं आणि किती वाजता?" असे विचारून पेज, चहा, मशेरी आणि तीर्थ यांची नावे घेऊन ते चौकशी करतात. आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या हाती दिल्या जाणाऱ्या कागदावर पेज हा शब्द पहिल्याच ओळीत आहे, आणि त्याखाली शेवटचे पाणी किती वाजता प्यायचे, ती वेळ त्या त्या रुग्णासाठी हाताने लिहिलेली असते.