झोप येत नसेल तर पडून राहू नका

‘झोप आली नाही तरी डोळे मिटून पडून राहा, लागेल आपोआप’ हा सल्ला घरोघरी मिळतो. एखाद्या रात्रीपुरता तो ठीक आहे. पण महिनोन्‌महिने झोप उडालेल्या माणसाचं त्याने नुकसानच होतं.

कारण अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत सांगड बसते. सोफ्यावर पेंगणारा माणूस उशीला डोकं टेकताच टक्क जागा होतो, तो बऱ्याचदा यामुळेच. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये यावर उलटा उपाय मांडला. साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठा (घड्याळ बघू नका, अंदाज पुरे), दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी शांतपणे करा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. रात्रीतून चारदा उठावं लागलं तरी चालेल. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठायचं.

पहिले काही दिवस फार जड जातात, हे खरं. दिवसा पेंग येते, तेव्हा गाडी चालवू नका. पण जागेपणी मेंदूत साचणारं अडेनोसिन झोपेची ओढ वाढवतं, आणि तीच पुढच्या रात्री कामाला येते.