शंखावरून थराचं वय

चुनखडीचा एखादा थर किती जुना आहे, हे नुसत्या चुनखडीवरून सहसा सांगता येत नाही. किरणोत्सारी पद्धतीने वय काढलं, तर खनिजाचा स्फटिक कधी तयार झाला ते कळतं. समुद्रतळाशी साचलेल्या गाळातले वाळूचे कण मात्र कुठल्यातरी जुन्या खडकातून झिजून आलेले असतात. त्यांचं वय मोजलं तर त्या जुन्या खडकाचं वय हाती येतं, थराचं नाही. त्यामुळे क्रिटेशस काळातले, म्हणजे सुमारे १४.५ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे सागरी थर ओळखताना आजही आधी जीवाश्म पाहिले जातात.

ही युक्ती जुनी आहे. कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथच्या लक्षात आलं होतं की प्रत्येक थरातले जीवाश्म वेगळे असतात आणि त्यांचा क्रम गावोगाव तोच राहतो. याच आधारावर त्याने १८१५ मध्ये इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा छापला. जीव का बदलतात, याचं उत्तर डार्विनने द्यायला अजून चाळीसेक वर्षं होती. पण क्रम लावायला कारण कळायची गरज नव्हती.

कुठलाही जीवाश्म मात्र या कामाला चालत नाही. डायनोसॉर कितीही लोकप्रिय असले, तरी थर ओळखायला जवळजवळ निरुपयोगी: हाडं क्वचित सापडतात, आणि एकेक जात एखाद्या प्रदेशापुरती. इथे हवा तो मुबलक, दूरवर पसरलेला आणि ज्याची एकेक जात लवकर नामशेष होत गेली असा प्राणी. अमोनाइट या कसोटीला उतरतात. हे माखल-ऑक्टोपसचे शंखधारी नातेवाईक. शंखात आडव्या पडद्यांनी पाडलेले कप्पे असत. पडद्याची कड शंखाच्या भिंतीला जिथे टेकते, तिथे एक रेषा उमटते. वरचं कवच निघून गेलं की ती आतल्या साच्यावर स्पष्ट दिसते, एखाद्या कातरलेल्या पानाच्या कडेसारखी वळणावळणाची. ही रेषा, शंखाचा आकार आणि त्यावरच्या धारा-गाठी पाहून जाणकार जात ओळखतात. बॅक्युलाइट्स नावाच्या अमोनाइटांचा शंख तर जवळपास सरळ कांडीसारखा. उत्तर अमेरिकेतल्या क्रिटेशस थरांची बारीक विभागणी करताना त्यांच्या एकामागून एक आलेल्या जाती फार उपयोगी पडल्या. तिथे अमोनाइटांचा एकेक विभाग बऱ्याचदा पाच लाख वर्षांहूनही छोटा भरतो. इतक्या जुन्या काळासाठी ही बारकाई थक्क करणारी आहे.

तरीही जीवाश्म सांगतात तो फक्त क्रम: हा थर आधीचा, तो नंतरचा. वर्षांचा आकडा ज्वालामुखीच्या राखेतून येतो. उद्रेकाची राख समुद्रात पडते आणि तिचा पातळ चिकणमातीचा थर होतो. त्यातले झिरकॉनसारखे स्फटिक उद्रेकाच्या जरा आधी बनलेले असतात, त्यामुळे त्यांचं वय मोजण्यात अर्थ असतो. राखेचे असे दोन थर सापडले, तर मधल्या अमोनाइटांचा काळ दोन्ही बाजूंनी बांधला जातो. मग तीच जात हजारो किलोमीटर दूर, राखेचा मागमूस नसलेल्या खडकात सापडली, तरी आकडा तिथे लागू करता येतो.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या प्वेब्लोजवळ हे छान पाहायला मिळतं. चुनखडी आणि शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) यांचे थर आलटूनपालटून आलेत, अधूनमधून राखेचे पट्टे. इथल्या ८६ क्रमांकाच्या थराच्या तळाशी क्रिटेशसमधल्या ट्युरोनियन या उपकाळाची सुरुवात मानतात: सुमारे ९.३९ कोटी वर्षांपूर्वी. खूण म्हणजे 'वॉटिनोसेरास डेव्होनेन्स' या अमोनाइटचं पहिलं दर्शन. गंमत अशी की हा अमोनाइट दुर्मीळच आहे. म्हणून प्रत्यक्षात सीमा शोधताना शिंपल्यांच्या जाती, सूक्ष्मजीवाश्म आणि कार्बनच्या समस्थानिकांच्या (कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या) प्रमाणातला बदल यांचाही आधार घ्यावा लागतो. त्या सुमारास समुद्रतळाशी ऑक्सिजन कमी झाला, सेंद्रिय कार्बन मोठ्या प्रमाणात गाडला गेला, आणि ती खूण जगभरच्या खडकांत राहिली.

फसगतीच्या जागाही आहेत. जुन्या थरातून धुपून निघालेला शंख नव्या गाळात पुन्हा पुरला जाऊ शकतो. त्याच्यावर विसंबलं तर थर उगाच जुना ठरतो. थंड आणि उबदार समुद्रांतल्या जातीही वेगळ्या असत, त्यामुळे दोन्हीकडचे क्रम जुळवणं किचकट होतं. एखादी जात एका ठिकाणी उशिरा पोहोचलेली असू शकते. म्हणून एका शंखापेक्षा एकत्र सापडणाऱ्या अनेक जातींवर भर देतात.

विंधण विहिरीत तर अमोनाइटचा चुरा होतो. तिथे फोरामिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय सागरी जीव) आणि त्यांच्याहून कितीतरी लहान, काही मायक्रोमीटरच्या शैवाल-कवचांकडे वळावं लागतं. खडूचा दगड मुख्यतः याच कवचांचा बनलेला असतो. नखावर मावेल एवढी खडूची भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तरी थराचा काळ ठरवण्याइतक्या जाती तिच्यात बहुधा सापडतात.