कॅन्ससच्या माळरानावरचं 'कॅथेड्रल', जे कॅथेड्रल नाहीच

अमेरिकेत कॅन्सस राज्यात व्हिक्टोरिया नावाचं एक छोटं गाव आहे, आजूबाजूला नुसती गव्हाची शेतं, आणि त्यात मध्येच १४१ फुटी दोन मनोरे उभे दिसतात. हे सेंट फिडेलिस चर्च. जर्मन लोकांनी बांधलं असं सगळीकडे सांगतात, ते खरंच आहे, पण गंमत अशी की ही माणसं जर्मनीतून आलीच नव्हती, आली होती रशियातून.

झालं असं की १७६३ मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीने जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गा नदीकाठी येऊन वसा म्हणून बोलावलं. जमीन देते, धर्म तुमचा तुम्ही पाळा, सैन्यात यायची सक्ती नाही. शंभर वर्षं बरी गेली, भाषा, प्रार्थना, घरातलं खाणंपिणं सगळं जर्मनच राहिलं. मग १८७४ मध्ये रशियाने लष्करभरती सगळ्यांनाच सक्तीची केली आणि लोकांनी गाठोडी बांधली. इकडे कॅन्ससमधल्या रेल्वे कंपनीला जमिनी विकायच्याच होत्या. ८ एप्रिल १८७६ ला २३ कुटुंबं इथे उतरली आणि व्होल्गाकाठच्या आपल्या जुन्या गावाचंच नाव नव्या वस्तीला दिलं, हर्झोग.

शेजारी व्हिक्टोरिया आधीपासून होतं. जॉर्ज ग्रँट नावाच्या स्कॉटिश माणसाने १८७३ मध्ये ब्रिटिश लोकांसाठी वसवलेलं, नाव अर्थातच राणीचं. तो १८७८ मध्ये वारला आणि ब्रिटिश मंडळी हळूहळू पांगली. हर्झोगवाले मात्र टिकले. सुरुवातीला चर्चच नव्हतं, एका घरासमोर लाकडी क्रूस रोवून तिथेच सगळे प्रार्थना म्हणायचे. १८७८ मध्ये कॅपुचिन या कॅथलिक साधूंच्या संघाचे फादर आले. सेंट फिडेलिस हा त्याच संघाचा हुतात्मा, आणि जर्मनच, त्यामुळे नाव अगदी चपखल बसलं.

आत्ताची इमारत चौथी, आधीची चर्चेस लहान पडत गेली म्हणून बांधलेली. काम चाललं १९०८ ते १९११. मला खरं अप्रूप आहे ते दगडाचं. या भागात झाडं एवढी कमी की शेताच्या कुंपणाचे खांबसुद्धा दगडाचे करायचे. हा पिवळसर चुनखडक जमिनीतून काढला की मऊ असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो. एका ओळीत भोकं पाडायची, त्यात लोखंडी पाचरी बसवायच्या आणि पाळीपाळीने एकेकीवर हळूच ठोकत जायचं, दगड सरळ रेषेत चिरतो. चर्चसाठी नियमच केला होता, बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षाला ४५ डॉलर द्यायचे आणि वर सहा गाड्या दगड आणून टाकायचा. घरात पाच-सहा माणसं असतील तर हिशोब करा! त्या काळच्या शेतकऱ्याला हे काही थोडं नव्हतं.

२२० फूट लांब आणि ११०० माणसं बसतील एवढं चर्च, तेही खेड्यात. १९१२ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तेच तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहून तीनदा पडलेले, इथे आले आणि याला 'माळरानावरचं कॅथेड्रल' म्हणाले. खरं तर कॅथेड्रल म्हणजे बिशपची गादी असलेलं चर्च, ती इथे कधीच नव्हती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. २०१४ मध्ये बॅसिलिकाचा, म्हणजे पोपकडून खास चर्चला मिळणारा मानाचा दर्जा मात्र रीतसर मिळाला.

आणि हर्झोग? १९१३ मध्ये दोन्ही गावं एक झाली, वस्ती बहुतेक सगळी जर्मन, पण पाटीवर राहिलं व्हिक्टोरिया.