पुरंदरची पाणी पंचायत: पाणी जमिनीचं नव्हे, माणसाचं

दुष्काळी भागात पाणी वाचवायचं म्हटलं की आज सगळ्यांना आधी ठिबक सिंचन आठवतं. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात खरा तंटा होता तो वाटपाचा. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातली पाणी पंचायत हे त्या तंट्यावरचं एक उत्तर होतं.

१८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, १८८५मध्ये पाणी सुटलं. हेतू होता ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. पाऊस बरा झाला की ज्वारीला पाणी कुणी मागेना, कालव्याचा खर्च निघेना, म्हणून सरकारनेच उसाला उत्तेजन दिलं. कालव्याखालच्या गावांत बारमाही पीक रुजलं. वरच्या अंगाची गावं कोरडवाहूच राहिली.

पाणी वाटून घेण्याची रीत आपल्याकडे नव्हती असं नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन मोठ्या पट्ट्यांत, म्हणजे फडांत, विभागलेली असे. एका फडात सगळे एकच पीक घेत आणि पाटाचं पाणी सांभाळणारा पाटकरी ते पाळीने देई. पाणी कमी असेल त्या वर्षी बारमाही पिकाचा फड आखडता घेत.

१९७२च्या दुष्काळात पुरंदरची माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. ते पाहून पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी खंडाने घेतली. बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली. तलावातून मुरलेलं पाणी विहिरीत यायचं आणि पंपाने पुन्हा वर उतारावर चढायचं. १९७४मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालं आणि या प्रयोगातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम आजही वाचावेत असे आहेत. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. पाच माणसांच्या घराकडे दहा एकर असली तरी पाणी अडीचलाच, उरलेली साडेसात कोरडवाहू. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही हक्क: तो वाट्याने शेती करून आपलं पाणी वापरू शकतो. माझ्या मते महाराष्ट्राच्या सिंचन इतिहासात याहून न्याय्य विचार झालेला नाही. लाभार्थींनी खर्चाचा वाटा आधी स्वतः भरायचा, ही अटही तितकीच कडक होती.

साळुंखे २००२मध्ये गेले. पुढे राज्याच्या २००५च्या सिंचन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूद झाली. पण माणशी हक्क, भूमिहीनांचा वाटा आणि उसाची बंदी कायद्यात आली नाही. ऊस राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीचा लहानसा तुकडा व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा घेतो. २०१७मध्ये सरकारने उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं, तेही गरजेचंच होतं. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस उभा राहिला तर कोरडवाहू गावाला काहीच मिळत नाही.

पुरंदरमध्ये आता उपसा सिंचन योजनेतून मुळा-मुठेचं पाणी येतं, म्हणजे त्यात पुण्याचं सांडपाणी आलंच. शहराने वापरलेलं पाणी दुष्काळी तालुक्याला मिळावं, हे योग्यच आहे. मात्र ते नीट शुद्ध करून नदीत सोडण्याची जबाबदारी शहराची आहे. आणि हे पाणी पाणीपट्टी भरणाऱ्याच्या शेताला मिळतं. ज्याला शेतच नाही, त्याचा अर्धा एकर या योजनेत कुठेही धरलेला नाही.