फेब्रुवारी स्टेक्स: ‘डर्ट’ शर्यत, पण सुरुवात गवतावर

जपानमधील ‘फेब्रुवारी स्टेक्स’ ही टोकियो रेसकोर्सवर दरवर्षी होणारी १६०० मीटरची शर्यत ‘डर्ट’ (म्हणजे माती) गटातील असल्याने घोडे आरंभापासून अखेरपर्यंत मातीवरच धावतात, हा रूढ समज दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. शर्यतीचे गेट हिरवळीवर उभे केले जाते आणि पहिले सुमारे दीडशे मीटर अंतर घोडे गवतावरूनच कापतात. त्यातही बाहेरच्या बाजूच्या घोड्यांना गवताचा पल्ला थोडा जास्त मिळत असल्याने त्यांना वेग पकडणे सोपे जाते, असे जाणकार मानतात. पुढचा पृष्ठभागही माती नव्हे, तर वाळूचा थर असतो, त्यामुळे चिकणमाती मिसळलेल्या अमेरिकी ट्रॅकवरील वेळांशी तुलना करून घोडे जोखणे फसवे ठरते.