पिंच रोलर वेगळा, आयडलर वेगळा

“रबर गेलंय, बदलून टाका.” स्पूलचा जुना टेपरेकॉर्डर हळू चालू लागला की इंदुरात ज्याला विचाराल तो हेच सांगतो. कुठलं रबर, ते विचारलं की “रोलर हो, रोलर!” मग पिंच रोलर मागवला जातो, चारशे मैलांवरून येतो, बसतो, आणि मशीन पहिल्यासारखंच रडत राहतं. कारण दोष आयडलरचा होता. रामबागेतल्या माळ्यावर वीस-पंचवीस उन्हाळे काढलेल्या मशिनात दोन्ही रबरं कडक झालेली असतात हे खरं. पण आवाज बिघडवणारं बहुतेक वेळा त्यांतलं एकच असतं.

पिंच रोलर तुम्हाला ठाऊक आहेच. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडच्या उजवीकडचं काळं चाक, प्ले दाबलं की पुढे येऊन टेपला कॅपस्टनच्या, म्हणजे टेप पुढे सरकवणाऱ्या फिरत्या धातूच्या, दांडीवर दाबतं. आयडलर आत असतो, झाकणाखाली. मोटरची पुली आणि फ्लायव्हीलची (जड चाकाची) कड यांच्या मध्ये स्प्रिंगने दाबून धरलेलं, कडेला रबर चढवलेलं चाक. मोटर त्याला फिरवते, ते फ्लायव्हीलला फिरवतं, आणि फ्लायव्हीलच्याच दांडीचं वर आलेलं टोक म्हणजे कॅपस्टन. काही मशिनांत आयडलरऐवजी बेल्ट असतो. रेवॉक्स ए-77 या टेपरेकॉर्डरमध्ये कॅपस्टन ही मोटरचीच दांडी आहे, त्यामुळे तिथे हा आयडलर शोधत बसू नये. टेप गुंडाळायला आणि उलटी पळवायला जी रबरी चाकं असतात तीही आयडलरच, पण स्पीडशी त्यांचा संबंध नाही. ती आज बाजूला ठेवू.

आता खरा घोळ. “आयडलर झिजून बारीक झाला, म्हणून स्पीड कमी झाला.” हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. पुलीची कड एक सेंटिमीटर सरकली की तिला टेकलेली आयडलरची कड एक सेंटिमीटरच सरकते, आणि आयडलरला टेकलेली फ्लायव्हीलची कडही तेवढीच. मधलं चाक 40 मिलिमीटरचं असो की घासून 38 चं झालेलं, पलीकडे पोचतं ते सारखंच. लहान चाक स्वतः जास्त फेरे मारतं, एवढाच फरक. स्पीड ठरवतात मोटरचे फेरे, पुलीची जाडी, फ्लायव्हीलचा घेर आणि कॅपस्टनची जाडी. पुली, फ्लायव्हील, कॅपस्टन हे सगळं धातूचं, कुणी पॉलिश पेपर मारला नाही तर जन्मभर तसंच राहणारं. पिंच रोलरचंही तेच. तो टेपला चालवत नाही, चालवतो कॅपस्टन. रोलर नुसता दाबून धरतो आणि टेपबरोबर फिरतो, म्हणून त्याच्या मापाने स्पीड ठरत नाही.

म्हणजे रबरामुळे स्पीड पडतो तो एकाच कारणाने: कुठेतरी घसरतंय. कुठे, ते ओळखायला कागदाची पट्टी पुरते. वहीच्या कागदाची टेपएवढी, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा. टेप न लावता प्ले दाबा (टेप नसली की आपोआप बंद होणारा स्विच असेल तर तो बोटाने धरा), पट्टी रोलर आणि कॅपस्टनमध्ये जाऊ द्या आणि दुसरं टोक चिमटीत घट्ट पकडा. कॅपस्टन गरगर फिरतोय पण कागद जागचा हलत नाही, तर पिंच रोलरची पकड गेली. कागद घट्ट धरला गेला आणि कॅपस्टनच अडखळला किंवा थांबला, आतून मोटर मात्र चालू, तर आयडलर घसरतोय. कागद चिमटीतून ओढून नेला, तर दोन्ही रबरं ठीक आहेत. दुकानात जाऊ नका.

शंका उरली तर मागचं झाकण काढून फ्लायव्हीलवर व्हाइटनरचा ठिपका द्या आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दहा सेकंद चित्रित करा. आत 230 व्होल्ट उघडे असतात, हात लांब. कॅपस्टन 8 मिलिमीटरचा असेल तर सेकंदाला 19.05 सेंटिमीटरच्या स्पीडवर दहा सेकंदांत 75-76 फेरे दिसले पाहिजेत. एकदा रोलर टेकवून मोजा, एकदा न टेकवता. टेकवल्यावर फेरे कमी झाले तर दोष आयडलरकडे, किंवा कॅपस्टनचं बेअरिंग सुकलेलं. फेरे तेवढेच आणि तरी गाणं हळू, तर दोष पिंच रोलरकडे.

आवाज थरथरतो तेव्हा तर कानानेच कळतं. प्ले अडकवून ठेवलेलं मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की रबराला एका जागी खळगा पडतो. 25 मिलिमीटरचा पिंच रोलर त्याच स्पीडवर सेकंदाला साधारण अडीच फेरे मारतो, त्यामुळे सूर संथ लाटेसारखा हेलकावतो. फ्लायव्हील 80 मिलिमीटरचं आणि आयडलर 40 चा धरला तर आयडलरचे फेरे पंधरा होतात. तानपुरा खरखरीत, गुळण्या केल्यासारखा ऐकू येतो. टेप वर-खाली सरकून कडा चुरगळत असतील तर तो बहुतेक वेळा पिंच रोलरकडचा मामला: रबर शंकूसारखं झिजलंय किंवा त्याचा हात वाकलाय.

दुरुस्तीतही दोघांना एकच औषध नाही. आयडलर घासला तरी चालतो, माप बदललं तरी बिघडत नाही, हे वर आलंच. बोल्टवर घट्ट बसवून ड्रिलमध्ये फिरवा, आधी 240 आणि मग 400 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने लावा, चकाकी गेली की थांबा. स्प्रिंगचा हात पोचेल एवढंच घासायचं. मग पुली आणि फ्लायव्हीलची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हे हटकून विसरलं जातं, आणि नवं रबर आठवड्यात पुन्हा घसरतं. पिंच रोलर मात्र ड्रिलमध्ये घासू नये. त्याची कड आणि मधलं भोक तंतोतंत समांतर लागतं. लेथवर होत असेल तर करा, नाहीतर नवाच घ्या. मागवताना बाहेरचा व्यास, उंची आणि भोक, तिन्ही मापं व्हर्नियरने घेऊन कळवा. सियागंजच्या बाजारातून ओ-रिंग (रबरी गोल कडी) आणून आयडलरवर चढवणं कामचलाऊ म्हणून ठीक, पण तिच्या जोडाची रेघ घासून काढल्याशिवाय ती टकटक करणारच. पिंच रोलरवर ओ-रिंग? मुळीच नाही.

राळ, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही रबराला लावू नका. शिलाई मशीनचं तेल दोन्हींच्या पिनेला एक थेंब, तोही पुसून घेतलेला. पिनेवर चाक अडकवून ठेवणारी छोटी ई-क्लिप काढताना वर रुमाल धरा, नाहीतर ती उडून पलंगाखाली जाते. खालचे नायलॉनचे वॉशर कोणत्या क्रमाने होते त्याचा फोटो आधी काढा.

मापाने स्पीड खरोखर बदलतो तो बेल्टमुळे. 10 मिलिमीटरच्या पुलीवर अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या जागी 0.8 चा बेल्ट चढवला तर स्पीड सुमारे अडीच टक्के वाढतो, म्हणजे शुद्ध आणि कोमल स्वरांमधलं जवळजवळ निम्मं अंतर. “थोडा जाड चालेल” असं म्हणणाऱ्याकडून बेल्ट घेऊच नये.

आणि अमेरिकेहून आलेलं मशीन इथे पहिल्या दिवसापासून एकसारखं हळू चालत असेल, काळी दोनचा षड्ज पांढरी एकवर येत असेल, तर दोन्ही रबरांना दोष देऊ नका. मशीन 60 हर्ट्झचं आहे आणि आपली वीज 50 ची. मोटरची पुली 1.2 पट जाडीची लागेल. काही मशिनांत एकाच पुलीला 50 आणि 60 अशा दोन पायऱ्या असतात, तेव्हा काही मागवण्याआधी ती काढून पाहा.